उस्तादचं पथ्य

पहिल्यांदा नवऱ्याची पँट कमरेत एक इंच आत घ्यावी लागली तेव्हा तिला बरंच वाटलं होतं. दुसऱ्यांदा दीड इंच घेतली, तेव्हाही ती काही बोलली नाही. तिसऱ्यांदा मात्र मागच्या दोन खिशांची तोंडं एकमेकांना भिडायला आली, आणि सुई कापडात तशीच रुतवून ती मशीनपुढे नुसती बसून राहिली.

गल्लीत तिला सगळे टेलरबाई म्हणत. बावीस वर्षं तिने लोकांच्या अंगाची मापं घेतली होती. माणूस पथ्याने उतरतो तेव्हा आधी पोट जातं, मग कंबर, हे तिला टेप न लावताही दिसायचं. नवऱ्याला पोट मुळात नव्हतंच. त्याचे दंड चालले होते, मांड्या चालल्या होत्या. आंघोळ करून बाहेर आला की खांद्याची हाडं हँगरसारखी दिसायची.

आणि भेटेल तो म्हणायचा, "वा, काय तब्येत कमावलीत."

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. बंद दाराला कान लावून कुठल्या मजल्यावरची चकती झिजलीय ते सांगायचा, म्हणून बरोबरचे मिस्त्री त्याला उस्ताद म्हणत. वर्षभरापूर्वी कंपनीच्या तपासणीत त्याच्या रक्तात साखर निघाली. दवाखान्यात ती बरोबर गेली होती. डॉक्टरबाई वयाने लहान, पण बोलणं मोजकं. त्यांनी विचारलं, "घरात कुणाला मधुमेह होता?"

"वडिलांना. मोठ्या बहिणीलाही आहे," उस्ताद म्हणाला.

मग त्यांनी ठरलेल्या गोळ्या लिहून दिल्या. जिना उतरताना उस्तादने ती चिठ्ठी चौघडी करून खिशात घातली आणि म्हणाला, "बाबांनी वीस वर्षं गोळ्या खाल्ल्या. आधी अंगठा गेला, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय. गोळ्या मात्र शेवटच्या दिवसापर्यंत चुकल्या नाहीत."

"गोळ्यांनी थोडाच पाय गेला त्यांचा?"

"वाचला तरी कुठे?"

सासऱ्यांच्या त्या पायाची मलमपट्टी तिनेच केली होती.

उस्तादचं डोकं मशीनवाल्याचं. तो म्हणायचा, मोटर तापायला लागली तर तिच्यावर पंखे लावत बसायचं, की लोड कमी करायचा? साखर कशाने होते? भाताने, पावाने, बटाट्याने. मग तेच घरात कशाला आणायचं? दोन आठवडे गोळ्या घेतल्या आणि एका सकाळी उरलेली पाकिटं त्याने कचऱ्याच्या डब्यात टाकली. स्वयंपाकघरात एक छोटा काटा आला. दोन अंडी, मुठीएवढा मासा, कोबी, पालेभाजी, चीज, लोणी. पीठ नाही, धान्य नाही, फळ नाही. बोटाला सुई टोचून साखर बघायचं छोटं मशीनही आलं, आणि आकडा लिहायला एक वही.

खरं सांगायचं तर पथ्य लागू पडलं. महिन्याभरात आकडा निम्म्यावर आला. त्याचा उत्साह बघून तिलाही हुरूप आला. लोण्यात कोबी परतायच्या पाच तऱ्हा तिने शोधून काढल्या. कॉलेजात जाणारी मुलगी कुरकुरायची, "आपल्या घरात कोबीलाच मत आहे, आम्हाला नाही." उस्ताद हसायचा. त्या दिवसांत तो खूप हसायचा.

तीन महिन्यांनी डॉक्टरबाईंनी रिपोर्ट बघितला. "आकडे छान आहेत. पण वजन सहा किलो उतरलंय, आणि तुम्ही मुळात जाड नव्हतात. गोळ्या घेताय ना?"

"घेतोय," उस्ताद म्हणाला.

ती शेजारच्याच खुर्चीत होती. तिने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं.

डॉक्टरबाईंनी एक कागद लिहिला. "ही रक्ततपासणी करून घ्या. तुमचं शरीर स्वतःचं इन्सुलिन किती बनवतंय ते कळेल. पथ्याला माझी हरकत नाही, उलट चांगलं आहे. पण मला शंका आहे की तुमचा आजार वडिलांसारखा नसावा. ही तपासणी टाळू नका."

"आकडे चांगले असताना परत रक्त कशाला द्यायचं," घरी आल्यावर तो म्हणाला आणि कागद टेबलावर टाकून आंघोळीला गेला. तिने तो उचलला. त्याच्यापुढे धरावा, म्हणावं, अहो, एवढं तरी करा, असं मनात आलं. पण वडिलांचा पाय गेल्यापासून पहिल्यांदाच तो आजाराला न घाबरता झोपत होता. तिने कागद शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये, बटणांच्या डब्याखाली सरकवला आणि ड्रॉवर बंद केला.

पुढचे चार महिने उस्तादचे होते. कंपनीत जेवणाच्या सुट्टीत मिस्त्री त्याच्याभोवती जमायचे. कुणाला साखर, कुणाला रक्तदाब, कुणाच्या बायकोचे गुडघे. त्याने पथ्याचा तक्ता लिहून काढला, त्याच्या प्रती काढून वाटल्या. त्याची मोठी बहीणही पथ्याला लागली. ताई अंगाने चांगली भरलेली, जिना चढताना दोनदा थांबणारी. पण तिने एक गोष्ट वेगळी केली. तक्ता घेऊन ती आधी आपल्या डॉक्टरांकडे गेली, आणि त्यांनी रक्त तपासत तपासत गोळ्या कमी केल्या. उस्ताद फोनवर तिला चिडवायचा, "अगं ताई, पांगुळगाडा सोड की आता."

ताई म्हणायची, "सोडीन रे. पडले तर उचलायला तू येशील का?"

मग वहीतले आकडे चढायला लागले.

आधी दहा-पंधराने. तेच जेवण, तोच काटा, तरी आकडा वर. उस्तादने कांदा बंद केला, कांद्यात साखर असते म्हणाला. मग टोमॅटो. मग दही, मग दूध. आकडा दोन दिवस खाली यायचा आणि परत चढायचा. त्याने रात्रीचं जेवण सोडलं. जेवायला बसला तर ताटातला घास दोन बोटांनी कुस्करून बघायचा.

एकदा त्याने कोबीची वाटी नाकाशी धरली आणि हळूच विचारलं, "यात पीठ लावलंयस का?"

"कोबीला कोण पीठ लावतं?"

"मग आकडा कशाने वाढतो?"

"मला काय माहीत. डॉक्टरबाईंना विचारू या."

"त्या गोळ्या देतील."

तो उठला आणि फडताळातले डबे एकेक करून उघडायला लागला. मीठ, तिखट, चहा, सगळ्यांत बोट बुडवून चाखून बघत होता. मुलगी दारात उभी राहून बघत होती. एकवीस वर्षांच्या संसारात त्याने कधी बायकोचा डबा उघडून बघितला नव्हता. तिला राग आला नाही, भीती वाटली. आणि राग यायला हवा होता, हे तिला पुष्कळ उशिरा कळलं.

त्याला तहान लागायची. पाण्याचा जग उशाशी असायचा, तो सकाळपर्यंत रिकामा. संध्याकाळी कामावरून आला की बूट न काढताच भिंतीला टेकून बसायचा. एक दिवस मुलगी स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "आई, बाबा बोलले की वास येतो. नेलपॉलिश पुसायचं औषध असतं ना, तसा."

तो वास तिलाही आला होता. अंथरुणात, उशीच्या अभ्र्याला, त्याच्या शर्टाच्या कॉलरला. तिने उस्तादला सांगितलं तर त्याचा चेहरा उजळला. "चरबी जळतेय त्याची खूण आहे ती. सगळीकडे लिहिलंय. वास आला म्हणजे पथ्य बरोबर चाललंय."

"जळायला चरबी आहे कुठे तुमच्या अंगात?"

तो हसला, आणि हसताना ओठाला चीर पडून रक्त आलं.

दुसऱ्या दिवशी त्याची वही नेहमीच्या जागी नव्हती. तिने शोधली नाही. वही सापडली असती तर काहीतरी करावं लागलं असतं.

त्यानंतर बारा दिवसांनी दुपारी तिचा फोन वाजला. लांबू बोलत होता, उस्तादच्या हाताखालचा मिस्त्री, सहा फुटांहून उंच माणूस, पण आवाज अगदी बारीक येत होता. "वहिनी, तुम्ही येता का जरा? उस्ताद वर, लिफ्टच्या मशीन रूममध्ये बसलेत. सकाळपासून तीनदा उलटी झाली. खाली चला म्हणतो तर ऐकत नाहीत. तुम्हालाच बोलवा म्हणतात."

"उलटी? पोटात तर काही नाही. कालपासून खाल्लं नाहीये त्यांनी."

"श्वास बघा तुम्ही येऊन," लांबू म्हणाला. "मला कळत नाही. अँब्युलन्स बोलवू म्हटलं तर हात धरतात."

तिने इमारतीचा पत्ता तेवढा घेतला, फोन ठेवून आधी अँब्युलन्सचा नंबर लावला, पत्ता सांगितला आणि मग रिक्षा पकडली. बोटाला टोचायचं मशीन घराबाहेर पडताना कसं पर्समध्ये आलं ते तिचं तिलाही आठवत नाही.

इमारत अकरा मजल्यांची होती. लिफ्टच्या दारावर पाटी लटकत होती, काम चालू आहे. तिने पदर खोचला आणि जिना चढायला लागली. चौथ्या मजल्यावर छातीत कळ आली. सातव्यावर एक बाई कचऱ्याची पिशवी घेऊन दारात उभी होती, ती म्हणाली, "लिफ्ट कधी चालू होणार हो?" ती वर चढत राहिली. नवव्या मजल्यापासून तिला तो आवाज ऐकू यायला लागला. आधी वाटलं, वर कुणीतरी करवतीने लाकूड कापतंय. मग कळलं की तो श्वास आहे.

उस्ताद मशीनच्या मोठ्या चाकाला पाठ लावून बसला होता. डोळे खोल गेलेले. धावत आलेल्या माणसासारखा पूर्ण छाती भरून श्वास घेत होता, सोडत होता, घेत होता. आणि शरीर मात्र जागचं हलत नव्हतं. सगळ्या खोलीत ग्रीसच्या वासावर तो गोडसर वास चढून बसला होता.

"आलीस," तो म्हणाला. "पित्त झालंय. जरा बसतो, मग जाऊ."

तिने त्याचं बोट धरलं, टोचलं. थेंब यायला दाबावं लागलं. मशीनने पाच सेकंद मोजले आणि पडद्यावर आकडा आलाच नाही. इंग्रजीतली दोनच अक्षरं आली, एच आणि आय.

"किती?" उस्तादने विचारलं.

"आकडा नाही दाखवत."

"बिघडलं असेल."

तिने मुलीला फोन लावला, अक्षरं सांगितली. मुलगी म्हणाली, "आई, ते बिघडलेलं नाही. हाय म्हणजे जास्त. त्या मशीनला मोजता येत नाही इतकी जास्त."

उस्तादने ते ऐकलं. श्वासाच्या मध्ये मध्ये, एकेक शब्द सुटा करत तो म्हणाला, "दोन दिवस… कण नाही पोटात. मग… साखर आली कुठून?"

लिफ्टचा ब्रेक सुटा पडला होता, उस्तादनेच सकाळी उघडलेला. जिन्यावरून अकरा मजले खुर्चीतून उतरवायचं तर वेळ जाणार होता. लांबू गुडघ्यांवर बसला आणि ब्रेक जोडायला लागला. दोनदा नट हातातून सुटून जमिनीवर घरंगळला. उस्ताद डोळे मिटूनच पुटपुटला, "स्प्रिंग… आधी. मग… पिन." लांबूने स्प्रिंग आधी बसवली, मग पिन. त्यानंतर उस्ताद काही बोलला नाही. तिने त्याच्या गालावर थापटी मारली, हाक मारली, नाव घेऊन हाक मारली. श्वास तेवढा चालू होता, करवतीसारखा.

अँब्युलन्सवाले पोचले तेव्हा लिफ्ट नुकतीच सुरू झाली होती.

इस्पितळात दोन दिवस तिला फक्त काचेतून बघू दिलं. तिसऱ्या दिवशी डॉक्टरबाई तिला बाहेरच्या बाकावर घेऊन बसल्या. "जीव वाचलाय. अजून तीन-चार तास गेले असते तर सांगता आलं नसतं." मग त्यांनी समजावून सांगितलं. त्याच्या शरीरात इन्सुलिन बनवणारा भाग शरीर स्वतःच हळूहळू मारत आलं होतं. वडिलांचा आजार वेगळा, याचा वेगळा. दोन्हींना लोक साखरच म्हणतात. पथ्यामुळे आकडे काही महिने खाली राहिले आणि आत काय चाललंय ते कुणाला दिसलं नाही. शेवटी इन्सुलिनच उरलं नाही, तेव्हा शरीराने स्वतःचंच मांस-चरबी वितळवायला घेतली. रक्तात साखर साठली, आम्ल साठलं.

"खाल्लं नाही तरी?" तिने विचारलं.

"खाल्लं नाही तरी. यकृत साखर बनवत राहतं. अडवायला इन्सुलिन नव्हतं." डॉक्टरबाईंनी फाइल मिटली. "मी एक तपासणी लिहून दिली होती."

"कागद माझ्याकडे आहे," ती म्हणाली. "मीच ठेवला. आणि ते गोळ्या घेत नव्हते, हेही मला माहीत होतं."

डॉक्टरबाईंनी तिला काही सुनावलं असतं तर तिला हलकं वाटलं असतं. त्या नुसत्या मान हलवून उठल्या.

उस्ताद घरी आला तो दिवसाला चार इंजेक्शनं घेऊन. पहिल्या दिवशी सुई त्याने पोटाला टेकवली. मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "तू बोलली का नाहीस?"

"तुम्ही ऐकलं असतंत?"

"नसतं ऐकलं. पण तू बोलली का नाहीस?"

"तुम्ही खूश होतात," ती म्हणाली. "मला वाटलं, राहू दे थोडे दिवस."

त्याने सुई आत घातली. त्यानंतर हा विषय घरात निघाला नाही, पण गेलाही नाही. ती ताट वाढायची, तो जेवायचा, भातसुद्धा खायचा, थोडा, मोजून. आणि दोघांच्या मध्ये काहीतरी बसून असायचं.

ताई भेटायला आली. जिना एका दमात चढून आली. तिच्या डॉक्टरांनी शेवटची गोळीही बंद केली होती, तपासण्या मात्र चालू होत्या. बातमी चांगली होती, पण भावाचं तोंड बघून ती सांगताना चाचरली. "तुझ्याच तक्त्याने रे," ती म्हणाली.

उस्तादने मान हलवली. "तुझं बरोबर झालं, ताई. तू विचारून केलंस." ताई गेल्यावर त्याने बायकोला जवळ बसवलं. "मी किती जणांना तक्ता दिला, माहीत आहे? कंपनीतल्या सगळ्यांना लांबूने फोन केले. सगळे ठीक आहेत. पण एक वॉचमन होता."

"कोण वॉचमन?"

"नदीकडच्या त्या उंच इमारतीतला. तिथे लिफ्ट करत होतो तेव्हा रोज भेटायचा. माझ्यासारखाच, काटकुळा. तो टेबलाखाली हात घालून इंजेक्शन घ्यायचा, लाजायचा. मी त्याला म्हटलं…" उस्तादने ओठ ओले केले. "म्हटलं, हे टोचून घेणं सोड. माझ्याकडे बघ. तक्ता दिला त्याला. तीन महिने झाले."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं तिथे गेले. चालताना उस्ताद दोनदा थांबला. दारापाशी टेबल होतं, रजिस्टर होतं, आणि खुर्चीत दुसराच माणूस होता.

"आधीचा? तो नाही आता," तो म्हणाला. "कामावर चक्कर येऊन पडला होता म्हणतात. मग आलाच नाही. एजन्सीने मला पाठवलं."

"कधी पडला?"

"मी यायच्या आधी. महिना-दीड महिना झाला असेल."

"कुठे नेलं त्याला? घर कुठे त्याचं?"

"ते मला कसं माहीत असणार, साहेब?"

एजन्सीच्या माणसाने फोनवर सांगितलं की त्याच्याकडे फक्त एक नंबर आहे. तो नंबर लागत नव्हता. उस्तादने पुन्हा लावला, पुन्हा लावला. लिफ्टने वर-खाली करणाऱ्या लोकांना त्याने विचारलं. एका बाईला आठवत होतं की तो अलीकडे फार बारीक झाला होता. "आम्ही म्हणायचो, काय फिट झालायस," ती म्हणाली. "तो हसायचा."

टेलरबाईने रजिस्टरच्या मागच्या पानाचा तुकडा मागून घेतला. त्यावर स्वतःचा नंबर लिहिला, आणि खाली लिहिलं, इंजेक्शन बंद करू नका, लगेच डॉक्टरांकडे जा, आम्हाला फोन करा. नव्या वॉचमनने तो वाचला, पुन्हा एकदा वाचला, आणि टेबलावरच्या काचेखाली सरकवला.

"आला तर देतो," तो म्हणाला.

त्यानंतर दर आठवड्याला उस्ताद त्या इमारतीत जातो. लिफ्ट नीट चालते आहे का बघायला आलो, असं म्हणतो. चिठ्ठी काचेखाली असते. तो ती बघतो, खुर्चीतल्या माणसाशी दोन शब्द बोलतो आणि परत येतो. घरी कुणी अनोळखी नंबरवरून फोन केला की दोघंही हातातलं काम टाकून धावतात. अजून तरी तो फोन आलेला नाही.